‘मांडे फाटले’ हा निरोप कुणाला जाणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

वय ६६. टेलिफोन खात्यात ३४ वर्षं ऑपरेटर होते, आधी नंदुरबारला, मग भुसावळला. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा-सून नाशिकला असतात. धाकट्या बहिणीची मुलगी दहावीत असताना बहीण गेली, तेव्हापासून भाचीला मीच वाढवलं. ती आता २९ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तिला इंग्लंडमधल्या लेस्टरचं स्थळ आलंय. मुलगा मूळ पारोळ्याकडचा, सात वर्षं तिकडे आहे. व्हिडिओ कॉलवर दोघांचं चार-पाच वेळा बोलणं झालंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा करायचा असं भाऊ म्हणतो. पण आमच्या नात्यातल्या एका मुलीला परदेशात गेल्यावर कळलं की नवऱ्याचं आधीच एक लग्न झालेलं होतं. त्यामुळे माझं मन मानत नाही.

मी १२ दिवसांच्या युरोप सहलीचे पैसे भरलेत. लंडनला एक दिवस मोकळा आहे. त्या दिवशी गटातून निसटून रेल्वेनं लेस्टरला जायचं, मुलाचं घर आणि ऑफिस लांबून पाहायचं, शेजारीपाजारी भजनीमंडळातली बाई म्हणून गप्पा मारायच्या, जमल्यास फोटो काढायचे, असं ठरवलंय. साठी उलटलेल्या बाईकडे कोण बघतं? मी भिंतीसारखी. रात्री भावाला अहिराणीत फोन करायचा. सगळं ठीक असेल तर ‘मांडे जमले’, नसेल तर ‘मांडे फाटले’. भाचीला यातलं काही माहीत नाही. माझ्या मुलाला कुणकुण लागली, तर तो म्हणतो, ‘आई, या वयात हे काय? लोक हसतील.’ तुम्ही सांगा, जाऊ की नको?

— ट्रंक कॉल, भुसावळ

उत्तर

ताई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते: जा. पैसे भरलेत, मन तयार आहे, पाय चालतायत. सहल रद्द करू नका. लेस्टरलाही जा. फक्त ज्या पद्धतीनं जायचं ठरवलंय तिच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय, आणि थोडं सविस्तर बोलायचंय, कारण अशी पत्रं मला धुळ्याहून येतात, चाळीसगावहून येतात. लिहिणारी कधी आई असते, कधी आत्या. चिंता एकच असते.

तुमच्या पत्रातलं ‘मी भिंतीसारखी’ हे वाक्य मनातून जात नाही. हेरगिरीच्या दृष्टीनं ते अगदी खरं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फिरत्या हेरांच्या यादीत परिव्राजिका आहे: गरीब, विधवा, धीट बाई, जिला अंतःपुरात मान आहे आणि जी मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी सहज जाते-येते. दुसऱ्या महायुद्धात व्हर्जिनिया हॉल नावाची अमेरिकन हेर १९४४ साली जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये दुसऱ्यांदा शिरली. तिचा एक पाय लाकडी होता आणि ‘ती लंगडी बाई’ म्हणून जर्मन तिला आधीपासून शोधत होते. तिनं चाळिशीही गाठली नव्हती, पण केस पांढरट केले, घेरदार जुने कपडे अंगावर चढवले आणि खेड्यातल्या म्हातारीसारखी पाय ओढत चालू लागली. लंगडणं त्या चालीत लपून गेलं. म्हातारीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, एवढ्या एका भरवशावर तिनं जीव टांगला होता.

म्हणजे तुमचा अंदाज चुकीचा नाही. पण त्या वाक्यात मला अभिमानाच्या जोडीला थोडं दुखणंही ऐकू आलं. ३४ वर्षं तुमच्या आवाजावाचून कुणाचा सुरतचा किंवा मुंबईचा कॉल लागत नव्हता. आता दिवसभरात फोन वाजतो तो मुलाचा, तोही ‘औषध घेतलं का’ एवढ्यापुरता. अशा वेळी कुणीतरी आपल्याला जोखमीचं काम द्यावं, आपण ते चोख करून दाखवावं, असं वाटणारच. ही इच्छा मनापासून चांगली आहे. फक्त ती भाचीच्या लग्नाच्या आड लपवू नका. तुम्हाला लंडन बघायचंय, एकटीनं रेल्वेत बसायचंय, अनोळखी गावात पत्ता शोधायचाय, हे कारण म्हणून पुरेसं आहे. त्याला कर्तव्याचा पदर लागत नाही.

आता लेस्टर. तिथे तुम्ही भिंतीसारख्या राहणार नाही. १९७२ साली इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा हजारो गुजराती कुटुंबं लेस्टरला येऊन स्थिरावली. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, फरसाणाची दुकानं ओळीनं आहेत, त्या पट्ट्याला ‘गोल्डन माईल’च म्हणतात. नंदुरबारच्या वर्षांत तुम्ही थोडंफार गुजराती शिकला असाल, ते तिथे कामाला येईल. पण त्याच गुजरातीत पाच मिनिटांत एखादी मोटीबेन तुम्हाला विचारेल: कुठून आलात, कुणाकडे उतरलात, आडनाव काय? गावाकडे नव्या बाईला आपण जसं पारखतो, तशीच ती तुम्हाला पारखेल. संध्याकाळपर्यंत मुलाच्या घरमालकिणीला कळलेलं असेल की भारतातून एक बाई चौकशी करून गेली.

आणि अहिराणीची खूण! कल्पना मला फार आवडली. अमेरिकन मरीन दलानं त्याच महायुद्धात नवाहो भाषा बोलणाऱ्यांकरवी पॅसिफिकमधले निरोप धाडले होते, ती भाषा जपान्यांना उलगडली नाही. पण ताई, मुलगा पारोळ्याचा आहे. ज्याच्यापासून लपवायचं, त्याला ती भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली आहे. तुम्ही स्टेशनवर उभ्या राहून ‘मांडा फाटी गया’ म्हणालात तर बाजूला उभा असलेला पहिला खान्देशी माणूस वळून विचारेल, कसा काय फाटला?

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगते. ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

माझ्या धाकट्या आत्यासाठी एक स्थळ आलं होतं. आजी कुणालाही न सांगता एसटीनं त्या गावी गेली. शेजारच्या घरी पाणी मागितलं, ओट्यावर बसली, दोन तास त्या घराकडे बघत राहिली. अंगण सारवलेलं होतं, गोठ्यात दोन म्हशी होत्या, चुलीवर भाकरीचा वास सुटला होता. परत येऊन म्हणाली, ‘घर चांगलं आहे, पण थोरल्या सुनेचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. ज्या घरात सून बोलत नाही, तिथे मी पोर देणार नाही.’ सोयरीक मोडली. सगळ्यांनी आजीच्या नजरेचं कौतुक केलं. पुढे दोन वर्षांनी कळलं, ती सून त्या दिवसांत बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात नव्हतीच, तर आवाज कुठून येणार?

आत्याचं लग्न दुसरीकडे झालं, संसारही झाला. सत्तरी उलटल्यावर एकदा बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालताना ती मला म्हणाली, ‘मला तो मुलगा आवडला होता. मला कुणी विचारलंच नाही.’ एवढंच बोलली आणि पुढचा बिबडा थापायला घेतला.

आजीनं जे पाहिलं ते सगळं खरं होतं. लावलेला अर्थ चुकला. लांबून पाहण्याचा हाच धोका असतो, आणि तुम्ही तर फक्त एका दिवसासाठी जाणार आहात, ज्या गावाची रीत ठाऊक नाही अशा गावात. मुलाच्या दारातून सकाळी एक मुलगी बाहेर पडली तर तुम्ही काय समजाल? इंग्लंडमध्ये भाड्याचं घर अनोळखी मुलं-मुली वाटून घेतात, खोली प्रत्येकाची वेगळी, स्वयंपाकघर एक. ती त्याची बायकोही असेल आणि जिचं नाव त्याला नीट माहीत नाही अशी भाडेकरूही असेल. फुटपाथवरून हे कळणार नाही. उलट, घर टापटीप दिसलं, दारात तुळस दिसली, म्हणून ‘मांडे जमले’ कळवाल, आणि खरी अडचण कागदात असेल.

आता तो निरोप. पत्रात तुम्ही लिहिलंय की तो भावाला जाणार. भाऊ ठरवणार, पुढे बोलणी करणार किंवा थांबवणार. लग्न जिला करायचंय तिला एक दिवस सांगितलं जाणार, स्थळ जुळलं नाही. का, ते नाही.

ताई, तुम्ही ऑपरेटर होता. हेडफोनमधून तुम्ही काय काय ऐकलं असेल! कुणाची उधारी, कुणाचं आजारपण, कुणाचं पळून जाणं. आणि ते तिथेच ठेवलंत. १८८५ च्या तार कायद्यात खात्यातल्या माणसानं निरोप फोडणं हा गुन्हाच होता, पण तुम्ही काही कायद्याच्या भीतीनं गप्प राहिला नसाल. ज्याचा कॉल त्याचाच निरोप, हे तुमच्या अंगात मुरलेलं होतं. मग हा कॉल कुणाचा आहे? भाचीचा. तो तुम्ही भावाला जोडताय.

म्हणून पहिलं काम लेस्टरचं नाही, पुण्याचं आहे. भाचीला समोर बसवा, फोनवर नको. नात्यातल्या त्या मुलीची गोष्ट तिला पूर्ण सांगा, तुमची भीती सांगा. मग विचारा: तुला काय काय माहीत करून घ्यायचंय? मला कदाचित तुमच्या यादीपेक्षा तिची यादी वेगळी निघेल असं वाटतं. तिला त्याच्या आधीच्या लग्नाइतकीच काळजी असेल ती त्याच्या रागाची, कर्जाची, किंवा तिकडे गेल्यावर आपल्याला नोकरी करता येईल का याची. ती म्हणाली, ‘मावशी, जाऊन ये,’ तर तुम्ही तिच्या वतीनं जाल. ती ‘नको’ म्हणाली, तर लेस्टर सोडा आणि तो मोकळा दिवस थेम्सच्या काठावर काढा. ते तुम्हाला जड जाईल, कळतं मला. पण तिची आई असती तर तिनंही आधी मुलीलाच विचारलं असतं, असं मला वाटतं. तुम्हाला तुमची बहीण माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पाठलाग मात्र करायचा नाही, ती ‘हो’ म्हणाली तरी. हे मी नुसत्या शिष्टाचारापोटी सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून छळवणुकीविरुद्ध कायदा आहे आणि २०१२ साली त्यात पाठलागाचा गुन्हा वेगळा घातला गेला. एखाद्याच्या मागे मागे जाणं, घराबाहेर घुटमळणं, त्याच्यावर नजर ठेवणं, असं एकापेक्षा जास्त वेळा घडलं आणि त्यामुळे तो माणूस घाबरला, तर पोलीस दारात येतात. सकाळी घर आणि दुपारी ऑफिस, या दोन वेळाच झाल्या. रस्त्यावर फोटो काढायला तिथे बंदी नाही, पण एकाच खिडकीचे दहा फोटो तुमच्या फोनमध्ये सापडले तर समजावून सांगता सांगता संध्याकाळची गाडी चुकेल. भजनीमंडळाचं खोटं नावही नको. खोटं एकदा उघडं पडलं की पुढे तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि भाचीचं नाव त्यात गोवलं जाईल.

मग कळायचं कसं? निम्म्याहून जास्त काम भुसावळात बसून होतं. ज्यांना परदेशी जाणं शक्य नाही त्यांनी हा भाग नीट वाचावा.

तो कुठे नोकरी करतो, त्या कंपनीचं नाव मागा. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक कंपनीची माहिती कंपनीज हाऊस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते: कधी स्थापन झाली, संचालक कोण, चालू आहे की बंद पडली. परदेशी माणसाला कामाच्या व्हिसावर बोलवायचं तर कंपनीकडे परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी तिथलं सरकार जाहीर करतं. त्यात नाव आहे का, पाहा. ‘स्वतःचं घर आहे’ असं मुलाकडचे सांगत असतील, तर इंग्लंडची जमीन नोंदणी थोडी फी घेऊन मालकाचं नाव कुणालाही सांगते. आपल्याकडच्या सात-बारासारखंच समजा. यात कुठेही लपूनछपून काही नाही. ही माहिती सगळ्यांसाठीच उघडी ठेवलेली आहे.

व्हिसाचा प्रकार मात्र त्याच्याकडूनच घ्यावा लागेल, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. ‘सात वर्षं तिकडे आहे’ यावरून काहीच कळत नाही. तो तिथला नागरिक आहे, कायमचा रहिवासी आहे, नोकरीच्या व्हिसावर आहे की शिक्षणाच्या, यावर तुमच्या भाचीचं सगळं अवलंबून आहे. ११ मार्च २०२४ नंतर केअर वर्करच्या, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांच्या, व्हिसावर गेलेल्यांना नवरा-बायकोला सोबत नेता येत नाही. जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनाही नाही, संशोधन करणारे सोडून. नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर बायकोला बोलवायला वर्षाला किमान २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं, हा एप्रिल २०२४ पासूनचा आकडा. हे नियम भराभर बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचायचाच. मुलगा वाईट नसेल, फसवतही नसेल, आणि तरी लग्नानंतर भाचीला दोन वर्षं इथेच बसून राहावं लागेल, असं होऊ शकतं. रागापेक्षा, दारूपेक्षा अशा गोष्टीच जास्त संसार अडवतात, हे मी या सदरातल्या पत्रांवरून सांगते.

तिथे यासाठी एक चांगली सोय आहे, तिला शेअर कोड म्हणतात. व्हिसा असलेला माणूस स्वतः तो कोड काढून समोरच्याला देतो, आणि समोरच्याला सरकारच्याच संकेतस्थळावर त्याची स्थिती दिसते. कोड ९० दिवस चालतो. भाचीनं तो सरळ मागावा. वर्षाच्या शेवटी कंपनी पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद देते, त्याला पी-६० म्हणतात, तोही. बदल्यात तिनं आपली वेतनपावती आणि कर्जाची माहिती द्यावी. तो नागरिक असला तर शेअर कोडचा प्रश्न येत नाही, पासपोर्ट दाखवला की झालं. आधीच्या लग्नाबद्दल स्पष्ट शब्दांत विचारावं, आणि अविवाहित असल्याचं शपथपत्र लेखी घ्यावं. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा अंतिम आदेश. देणारा माणूस एक-दोन दिवसांत देतो. ‘विश्वास नाही का?’ असं विचारणारा माणूस दिसला की थांबायचं.

लग्न झालंच, तर ते इथे नोंदवून घ्या, सत्यनारायण आटोपला की त्याच आठवड्यात. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी अशी शिफारस विधी आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात केली आहे, त्याचं कारण तुमच्या नात्यातल्या मुलीसारख्याच गोष्टी. आणि ती मुलगी अजून अडकलेली असेल तर तिला सांगा, राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अशा लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे, आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ या पोर्टलवर परदेशातल्या दूतावासापर्यंत तक्रार जाते. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली. तिचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

हे सगळं झाल्यावर तुमच्या सहलीचं बोलू. आता मला मजा येणार आहे.

भाचीची परवानगी असेल तर त्या मुलाला तुम्ही स्वतः फोन करा. म्हणा, ‘मी हिची मावशी. हिची आई नाही, म्हणून मी येतेय. अमुक तारखेला माझा एक दिवस मोकळा आहे. मला तुझं गाव दाखवशील?’ बस्स. वेषांतर नाही, काळा चष्मा नाही. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून लेस्टरला सव्वा तासाच्या आसपास लागतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं.

एक अख्खा दिवस एका म्हाताऱ्या बाईला गाव दाखवताना माणूस फार काळ नाटक करू शकत नाही. तुमचे ३४ वर्षांचे कान सोबत आहेत. तो तुमच्या चालीनं चालतो की चार पावलं पुढे जाऊन मागे वळून बघत राहतो? हॉटेलात ताटल्या उचलणाऱ्या पोराशी कसा बोलतो? आईचा फोन आला तर उचलतो का, आणि उचलून कुठल्या सुरात बोलतो? भाचीबद्दल बोलताना तिचं काम काय आहे हे त्याला सांगता येतं, की नुसतं ‘आयटीत आहे’? घरी नेण्याचं टाळतो का? टाळलं तर लगेच अर्थ लावू नका, आजीची आठवण ठेवा. सरळ विचारा, ‘घर नाही का दाखवत?’ उत्तर ऐका. ट्रंक लाईनवर खरखरीतून खरा शब्द तुम्ही ओळखत होता, इथे तर माणूस समोर आहे.

आणि त्यालाही तुम्हाला विचारू द्या. तोही घाबरलेला असेल. पारोळ्याचा पोरगा सात वर्षं एकटा राहतोय, आणि भुसावळची मावशी परीक्षा घ्यायला येतेय!

गटातून निसटण्याचा बेत सोडा. सहलीच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा, दिवसभर कुठे आहात आणि कितीच्या गाडीनं परत येणार. ब्रिटनचा व्हिसा युरोपच्या शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा असतो, दोन्ही हातात आहेत ना हे आत्ताच तपासा. प्रवासविमा घेताना रक्तदाब, मधुमेह काही असेल ते लपवू नका, लपवलं तर ऐन वेळी दावा नाकारतात. तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर पाहुण्यांकडून ठरलेल्या दराच्या दीडपट पैसे घेतात. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. ९९९ हा आणीबाणीचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवा, फोनची बॅटरी संपते. भारतीय उच्चायोग लंडनमध्ये ऑल्डविच भागात इंडिया हाऊसमध्ये आहे, तोही पत्ता त्याच कागदावर.

तुमच्या नाशिकच्या मुलाचं राहिलं. त्याला हसणाऱ्या लोकांची नाही, तुमचीच काळजी असणार. फक्त त्याला ते नीट सांगता येत नाही. फिलिस लॅटूर नावाच्या एका बाई ब्रिटिश हेर म्हणून मे १९४४ मध्ये नॉर्मंडीत पॅराशूटनं उतरल्या, सायकलवरून साबण विकणारी पोर बनून हिंडल्या आणि १३५ सांकेतिक संदेश पाठवले. खुणा लिहिलेला रेशमाचा तुकडा विणायच्या सुईला गुंडाळून त्या केसांच्या फितीत लपवत. पुढे न्यूझीलंडमध्ये संसार केला, चार मुलं वाढवली, आणि यातलं एक अक्षर घरी बोलल्या नाहीत. थोरल्या मुलाला ते २००० च्या सुमारास इंटरनेटवर वाचून कळलं. २०१४ साली, ९३ व्या वर्षी, त्यांना फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला. २०२३ मध्ये, १०२ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

तुमच्या मुलाला आई म्हणजे औषधं वेळेवर न घेणारी बाई एवढंच ठाऊक असेल, तर त्यात त्याचा सगळाच दोष नाही. रात्रपाळीत एकटीनं बोर्ड सांभाळल्याच्या गोष्टी त्याला कधी सांगितल्यात? या वेळी सांगा. त्याच्यापुढे बेत मांडा, परवानगी म्हणून नको, माहिती म्हणून. फोनवर तुमचं ठिकाण त्याला दिसेल अशी सोय त्याच्याकडूनच करून घ्या, म्हणजे त्यालाही हाताला काम मिळेल.

शेवटी सामानाबद्दल. पेढे आणि घरचं तूप नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. बिबडे न्या. ज्वारीचे, तीळ घातलेले, डब्यात घट्ट भरून, वरून कापड बांधून. पारोळ्याच्या पोरानं सात वर्षांत ते खाल्ले नसतील. त्यालाच भाजायला सांगा. आच मोठी ठेवली तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो, हे त्याला आठवतंय का ते पाहा. आणि पहिला नीट भाजलेला बिबडा तो कुणाच्या ताटलीत ठेवतो, तेवढं भाचीला फोन करून सांगा.